खिंडीतला वारा आणि रिकाम्या वाघिणी

डोंगरातल्या वाऱ्याने गाडी उलटली की तिची बातमी होते. रेल्वेचं मोठं नुकसान मात्र न उलटलेल्या गाड्यांमुळे होतं. त्या बारा-चौदा तास कुठल्यातरी लूपमध्ये (स्थानकातल्या बाजूच्या लाइनवर) उभ्या राहतात, मागचा अख्खा सेक्शन, म्हणजे मार्गाचा तुकडा, अडवतात, आणि वारा पडल्यावरही दोन दिवस वेळापत्रक ताळ्यावर येत नाही. थांबवायचा निर्णय कशावर घेतात, कुठली गाडी आधी थांबवतात, कुठे उभी करतात, हे समजलं तर बाकीचा विषय फारसा अवघड नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे चीनच्या शिनजियांग प्रांतातला रेल्वेमार्ग. तियानशान पर्वताच्या उत्तरेला जुंगार खोरं आहे. थंडीत आणि वसंतात तिथे सैबेरियाकडून आलेली गार, जड हवा साचते. दक्षिणेला तुर्पानचा खोलगट प्रदेश. त्यातलं ऐडिंग सरोवर समुद्रसपाटीच्याही १५४ मीटर खाली आहे आणि वसंत लागताच ही सगळी जमीन झपाट्याने तापते. एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी, मध्ये डोंगर आणि त्यात मोजक्याच खिंडी. हवा त्या खिंडींत कोंडते, वेग धरते आणि उतारावरून खाली येताना आणखी जोरात धावते. लानचौ–उरुम्ची मार्ग नेमका या उताराच्या पायथ्याने जातो. ‘शंभर ली’ आणि ‘तीस ली’ (ली हे अंतराचं चिनी माप) ही तिथल्या दोन वाऱ्याच्या पट्ट्यांची नावं रेल्वेवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. दाबानचंगची खिंड आणि शिसानजियानफांगचा परिसर ही त्यातली बदनाम ठिकाणं. मार्च ते मे हा मुख्य हंगाम. झोत सेकंदाला ४० मीटरच्या वर जाणं तिथे नवलाचं नाही आणि ६० मीटरपर्यंतचे झोत नोंदले गेले आहेत. (सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ज्याला चक्रीवादळी वारा म्हणतात तो सेकंदाला ३३ मीटरच्या आसपास सुरू होतो. या विषयात सगळे आकडे सेकंदाचेच चालतात, म्हणून पुढेही तेच वापरतो.)

आता वाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा, हिशेब मांडू. मीटर गेज-ब्रॉड गेजच्या मधली, म्हणजे १४३५ मि.मी.ची लाइन धरा. बंद छपराची रिकामी वाघीण साधारण २३ टनांची. लांबी साडेपंधरा मीटर, बाजूची भिंत तीन मीटर उंच, म्हणजे वाऱ्याला मिळणारं क्षेत्र ४६ चौरस मीटर. ४० मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९६० न्यूटन. आकाराचा गुणक १.२ धरला तर आडवा जोर सुमारे ५.४ टन. हा जोर रुळाच्या डोक्यापासून अंदाजे २.६ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे उलटवणारं बल-भ्रामक (जोर गुणिले अंतर) १४ टन-मीटर. तिला धरून ठेवणारं काय? फक्त तिचं वजन. दोन रुळांच्या डोक्यांमधलं अंतर दीड मीटर, त्याचं अर्धं पाऊण. २३ गुणिले ०.७५ म्हणजे १७ टन-मीटर. चौदाला सतरा, एवढंच अंतर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ४४ मीटरला दोन्ही बाजू समान होतात आणि वाऱ्याकडची चाकं रुळावर नुसती टेकलेली राहतात.

याच वाघिणीत ६० टन माल भरा. धरून ठेवणारी बाजू ६२ टन-मीटरवर जाते आणि उलटायला ८४ मीटरचा वारा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वाघिणी सारख्याच दिसतात. म्हणून वाऱ्याच्या सेक्शनमध्ये गाडीचा क्रमांक किंवा मान यापेक्षा तिचा भार पाहायचा असतो: रिकामा रेक (जोडलेल्या वाघिणींची अख्खी गाडी) सगळ्यात आधी रोखायचा, मग रिकाम्या कंटेनरची गाडी, मग प्रवासी गाडी, आणि कोळसा किंवा खनिज भरलेला रेक शेवटी. प्रवासी गाडीत माणसं असतात म्हणून ती आधी थांबवावी असं वाटतं. पण घाईत निर्णय घ्यावा लागला तर सेक्शनमधून आधी बाहेर काढायची ती रिकामी मालगाडीच. ती आडवी पडली तर मागची प्रवासी गाडी रात्रभर त्याच वाऱ्यात उघड्यावर अडकते.

वरचा हिशेब उभ्या, ताठ, निर्जीव वाघिणीचा आहे. प्रत्यक्षात ४४ हा आकडा सहज पस्तिशीच्या घरात येतो, आणि त्याला बरीच कारणं आहेत. वाऱ्याने डबा स्प्रिंगवर कलतो, त्याचा गुरुत्वमध्य वाऱ्यापुढे सरकतो आणि धरून ठेवणारी बाजू कमी होते. रुळात थोडा जरी चढउतार असला तरी डोलणाऱ्या डब्याला झोताची साथ मिळते. हवा थंड असली तर ती जड असते: उणे १० अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा साधारण १५ टक्के जास्त दाबते. शिवाय गाडी चालत असेल तर तिचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिसळतो. ताशी १०० कि.मी. म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. ३० मीटरचा आडवा वारा असेल तर डब्याला तो तिरका आणि ४१ मीटरचा लागतो. वेग कमी करण्याचा आदेश यासाठीच असतो. पण वेग शून्यावर आणला तरी आडवा वारा ३० चा ३० च राहतो, म्हणून ‘थांबलो म्हणजे सुटलो’ हे खरं नाही.

कुठे थांबलो यावर बरंच अवलंबून असतं. भरावावर वारा उतार चढून येतो आणि वर पोचेपर्यंत वेग घेतो. सहा-सात मीटरच्या भरावावर सपाटीपेक्षा स्पष्ट जास्त वारा लागतो. पुलावर तो खालूनही येतो. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवलेला असतो, कारण तो हिशेब धावत्या गाडीचा आहे. तिथे गाडी उभी राहिली की ती आधीच आतल्या बाजूला कललेली असते, आणि बाहेरून आत वाहणारा वारा त्यात भर घालतो. उलट वारा आतून बाहेर असेल तर वेगात जाणं वाईट, कारण अपकेंद्री जोर आणि वारा एकाच दिशेला ढकलतात. लोको पायलटला सोपा नियम द्यायचा तर: भराव, पूल आणि वळण सोडून कटिंगमध्ये (डोंगर खोदून काढलेल्या वाटेत) किंवा यार्डात थांब, आणि तिथे पोचता येत नसेल तर हळू पुढे सरकत राहा.

२८ फेब्रुवारी २००७ ला पहाटे दोनच्या सुमारास उरुम्चीहून आक्सूला जाणारी ५८०७ क्रमांकाची प्रवासी गाडी दक्षिण शिनजियांग मार्गावर झेनझूच्युआन आणि होंगशानच्यू या स्थानकांदरम्यान होती. तिचे ११ डबे वाऱ्याने रुळांवरून फेकले गेले. तिघांचा मृत्यू झाला, तीसहून अधिक जखमी झाले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००६ मध्ये, उरुम्ची–बीजिंग गाडीच्या वाऱ्याकडच्या खिडक्या उडत्या खड्यांनी फुटल्या होत्या. गाडी पडली नाही, पण आत थंडी आणि वाळू शिरली आणि लोक मिळेल त्याने खिडक्या झाकत बसले. गोबीच्या वाऱ्यात बारीक खडे उडतात, आणि गाडीचा वेग त्यांच्या माऱ्यात मिसळतो. म्हणून त्या भागातल्या डब्यांच्या काचांचा प्रश्न उलटण्याच्या प्रश्नाइतकाच गांभीर्याने घ्यावा लागतो.

गेज जितका अरुंद तितकं हे लवकर घडतं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या रिमुटाका घाटात १०६७ मि.मी.ची लाइन होती, चढ पंधरास एक. चढण्यासाठी मधोमध तिसरा रूळ आणि त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी आडवी चाकं असलेलं फेल पद्धतीचं इंजिन. ११ सप्टेंबर १८८० ला ‘सैबेरिया’ नावाच्या उघड्या वळणावर वाऱ्याने डबे खाली लोटले आणि चार मुलांचा जीव गेला. इंजिन मात्र जागेवर राहिलं, कारण मधल्या रुळाला त्याची पकड होती. त्यानंतर तिथे लाकडी वातरोधक कुंपणं उभी राहिली. १९५५ मध्ये बोगदा झाला तेव्हा तो घाटच बंद झाला, आणि वाऱ्यावरचा खात्रीचा इलाज तोच. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पारेंझाना या ७६० मि.मी. लाइनवर ३१ मार्च १९१० ला मुज्जाजवळ बोरा वाऱ्याने गाडी उलटवली, तिघे गेले. बोरा हाही डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा गार वारा, शिनजियांगच्या वाऱ्याच्या जातीचा.

आयर्लंडच्या वेस्ट क्लेअर रेल्वेने यावर एक साधा उपाय केला होता. वारा तिथे डोंगराचा नाही, अटलांटिकचा. पण उपाय कुठेही लागू आहे. क्विल्टी स्थानकावर १९०९ मध्ये वातमापक बसवला. ताशी सुमारे ६० मैलांच्या वाऱ्यात हलक्या डब्यांमध्ये वजनं भरूनच गाडी सोडायची, आणि सुमारे ८० मैलांना सगळं बंद. वजनाच्या लाद्या स्थानकांवर तयार ठेवलेल्या असत. रिकाम्या वाघिणीच्या हिशेबाकडे पुन्हा पाहिलं तर हे किती अचूक होतं ते कळतं: खाली ठेवलेला प्रत्येक टन धरून ठेवणारी बाजू पाऊण टन-मीटरने वाढवतो आणि वाऱ्याला एक इंचही जास्त क्षेत्र देत नाही.

कंटेनरची गोष्ट वेगळी आहे. इथे वाघीण उलटायची गरजच नसते. ४० फुटी रिकामा कंटेनर ३.८ टनांचा, बाजू सुमारे ३२ चौरस मीटर. नुसता टेकवलेला असेल तर सेकंदाला ३९ मीटरच्या वाऱ्यात तो आपल्या खालच्या कडेवर वळतो आणि खाली पडतो. ज्या सपाट वाघिणींवर नुसते खुंट असतात, ते कंटेनरला घसरू देत नाहीत, पण उचलला जाण्यापासून अडवत नाहीत. भारतातल्या बीएलसी या कंटेनरसाठीच्या वाघिणींवर आपोआप अडकणारी ट्विस्ट लॉक, म्हणजे कंटेनरचे कोपरे धरून ठेवणारी कुलपं, असतात. ती चारही कोपऱ्यांत खरोखर बसली आहेत का, हे सुटण्याआधी पाहणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. इंग्लंडमध्ये १ मार्च २००८ ला एकाच दिवशी दोन ठिकाणी वाऱ्याने रिकामे कंटेनर वाघिणींवरून उडाले. त्यातलं हार्डनडेल हे कम्ब्रियातल्या शाप चढाजवळचं उघडं ठिकाण. दोन कंटेनर एकावर एक असलेल्या गाड्यांत वरचा रिकामा आणि खालचा भरलेला असावा, हा साधा नियम भरताना पाळला नाही तर पुढच्या सगळ्या काळज्या वाया जातात.

उपाय म्हणून भिंती बांधतात. लानचौ–शिनजियांग हाय-स्पीड लाइन २६ डिसेंबर २०१४ ला पूर्ण सुरू झाली. लांबी १७७६ कि.मी., त्यातली जवळपास एक तृतीयांश पाच वाऱ्याच्या पट्ट्यांतून जाते, आणि सुमारे ४६० कि.मी.ला वातरोधक भिंती आहेत. भरावावर काँक्रीटच्या, पुलांवर छिद्रं असलेल्या पोलादी पत्र्यांच्या, आणि सगळ्यात वाईट तुकड्यावर वरूनही झाकलेला सव्वा किलोमीटरच्या आसपासचा काँक्रीटचा बोगदा.

भिंत जितकी उंच तितकी चांगली, असं वाटतं, तसं नाही. साडेतीन मीटरच्या पुढे भिंतीमागचा भोवरा डब्याला उलट्या बाजूला, भिंतीकडे ओढायला लागतो. दुहेरी मार्गावर भिंतीजवळची लाइन आणि लांबची लाइन यांना वेगवेगळा वारा लागतो, दोन्हींना एकच उंची सारखी जुळत नाही. सगळ्यात तापदायक असतात त्या जोडाच्या जागा. भरावाची भिंत संपून पुलाचा पत्रा सुरू होतो, कटिंग सुरू होतं किंवा देखभालीसाठी दहा मीटरची फट ठेवलेली असते. ताशी २०० ने जाणारी गाडी ती फट ०.१८ सेकंदात ओलांडते. तेवढ्यात पूर्ण आडवा वारा लागतो आणि जातो, डब्याला हिसका बसतो. शांत भिंतीमागून अचानक बाहेर येणं हे सतत वाऱ्यात राहण्यापेक्षा वाईट. म्हणून फटीच्या दोन टोकांच्या भिंती एकमेकींवर चढवून घ्याव्या लागतात आणि उंची हळूहळू उतरवावी लागते.

भिंतीने विजेच्या तारांचाही नवा प्रश्न निर्माण केला. भिंतीवर आदळलेली हवा वर उसळते आणि नेमकी तारांच्या पातळीवर जास्त वेगाने जाते. या लाइनवर खांबाच्या बाजूने जाणारी फीडर (वीज पुरवणारी) तार त्यात झुलायला लागली, एका लयीत मोठमोठे हेलकावे घेऊन, आणि त्याने जोडकाम झिजलं. तार अधूनमधून आधाराला बांधून तिचा मोकळा लांबीचा झोला लहान करावा लागला. पँटोग्राफवरची (गाडीच्या छपरावरून वीज घेणाऱ्या सांगाड्यावरची) संपर्कतार वेगळी: ती वाऱ्याने बाजूला सरकते आणि सरकणं पँटोग्राफच्या रुंदीबाहेर गेलं तर तार त्याच्या खाली अडकते आणि पुढचे शेकडो मीटर ओएचई, म्हणजे वरच्या विजेच्या तारा, ओढून आणते. गाडी उलटण्याआधी कितीतरी कमी वाऱ्यात हे होऊ शकतं. त्यामुळे विद्युत लाइनवरची बंदी पुष्कळदा तारेसाठी असते, डब्यासाठी नव्हे.

चीनच्या हाय-स्पीड लाइनवरचे सर्वसाधारण टप्पे असे: १५ मीटरपर्यंत पूर्ण वेग, २० पर्यंत ताशी ३००, २५ पर्यंत २००, ३० पर्यंत १२०, आणि त्यापुढे वाऱ्याच्या पट्ट्यात गाडी सोडायची नाही. आकडे सोपे आहेत, अडचण मोजण्यात आहे. दहा मिनिटांची सरासरी २२ असताना तीन सेकंदांचा झोत ३५ चा असू शकतो. डोंगरात हे प्रमाण सपाटीपेक्षा जास्त असतं. नियम सरासरीवर लिहिला की झोतावर, हे स्टेशन मास्तरला ठाऊक असलंच पाहिजे. दुसरं म्हणजे वातमापक कुठे आहे. स्टेशनच्या छपरावरचा वातमापक इमारतींच्या आडोशाला असतो आणि दोन किलोमीटरवरच्या खिंडीबद्दल काहीच सांगत नाही. तो खिंडीच्या तोंडाशी, भरावावर, रुळाजवळच्या उंचीवर असायला हवा. आणि उघडायची अट बंद करायच्या अटीपेक्षा कडक हवी: वारा एकदा मर्यादेखाली आला म्हणून लगेच सिग्नल हिरवा केला तर पुढच्या झोताला पुन्हा लाल करावा लागतो आणि गाडी मधल्या भरावावर सापडते. जपानमध्ये मर्यादेखाली अर्धा तास टिकल्यावर सोडण्याची पद्धत रूढ झाली ती त्यामुळेच.

जपानची कोसेई लाइन रोजच्या त्रासाचं चांगलं उदाहरण आहे. बिवा सरोवराच्या पश्चिम काठाने ती उंच बांधकामावरून जाते आणि वर हिरा डोंगररांग. तिथून उतरणाऱ्या वाऱ्याला हिरा-ओरोशी म्हणतात. थंडीत आणि वसंतात लाइन वारंवार बंद पडते, पण ओसाकाहून त्सुरुगाला जाणारी थंडरबर्ड गाडी बहुतेक वेळा रद्द होत नाही. ती सरोवराच्या दुसऱ्या बाजूने, माइबारामार्गे वळवतात आणि साधारण अर्धा तास उशिरा पोचवतात. पर्यायी मार्ग असेल तर वाऱ्याच्या बंदीचा खर्च एवढाच. शिनजियांगमध्ये तसा जवळचा मार्ग नाही, म्हणून तिथे भिंतींवर इतका पैसा ओतला गेला.

आपल्याकडे सह्याद्रीत हा वारा या रूपात नाही. भोर किंवा थळ घाटात पावसाळ्यात दरडी हाच मोठा शत्रू. कोकण रेल्वेवर मात्र वातमापक आहेत: रत्नागिरी–निवसर दरम्यानचा ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल, गोव्यात मांडवी आणि झुआरी, आणि कर्नाटकात शरावती. जुन्या पांबन पुलावर ताशी ५८ कि.मी.ला, म्हणजे सेकंदाला फक्त १६ मीटरला, सिग्नल आपोआप लाल होत असे. तिथे पुलाचाच भरवसा कमी होता, म्हणून मर्यादाही कमी.

यार्डात उभ्या असलेल्या वाघिणींकडे फार दुर्लक्ष होतं. रोलर बेअरिंगची २३ टनी रिकामी वाघीण हलवायला शंभर किलोच्या आसपास जोर पुरतो. सेकंदाला २५ मीटरचा वारा तिच्या पुढच्या बाजूवर लागला तर त्याचा जोर साडेतीनशे किलोच्या जवळ जातो. सपाट लाइनवरही ती चालू लागते. ७ जून २०२३ ला ओडिशात जाजपूर केओंझर रोड स्थानकावर वादळापासून आडोसा म्हणून इंजिन नसलेल्या मालगाडीखाली बसलेले सहा मजूर गाडी सरकल्याने मेले. म्हणून वाऱ्याचा इशारा आला की सुट्या वाघिणी एकमेकींना जोडायच्या, दोन्ही टोकांकडचे हँडब्रेक आवळायचे, चाकाखाली पाचर मारायची आणि साखळी घालून कुलूप लावायचं. इंजिन जोडलेलं असेल तरी एअर ब्रेकवर विसंबून राहायचं नाही. हवा गळते आणि काही तासांत ब्रेक सैल पडतो.

वारा पडल्यावर पहिली गाडी प्रवाशांची नसते. आधी एकटं इंजिन किंवा तपासणीची गाडी मर्यादित वेगात जाते. भिंतीची लादी लाइनवर पडली आहे का, तारेत पत्रा अडकला आहे का, सांध्यात (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) वाळू भरली आहे का, हे पाहत. सांध्याच्या पातीमागे बोटभर वाळू बसली तरी पाती पूर्ण बसत नाही, डिटेक्शन (पाती नीट बसल्याची खूण) मिळत नाही आणि सिग्नल निघत नाही. ती ब्रशने नाहीतर दाबाच्या हवेने साफ करावी लागते, आणि पंचवीस सांध्यांच्या यार्डाला दोन माणसं पुरत नाहीत. वाळू रुळाच्या डोक्यापर्यंत आली असेल तर आधी खोरी, मग इंजिन. तोवर लूपमध्ये थांबलेल्या गाड्यांच्या कर्मचाऱ्यांची ड्युटी संपलेली असते. अमेरिकेत तर कायद्याने बारा तासांच्या पुढे त्यांना गाडी चालवता येत नाही. नवा क्रू रस्त्याने आणायचा, आणि रस्ताही त्याच वाऱ्याने बंद असतो. कंट्रोलने, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कक्षाने, बंदीचा आदेश काढतानाच बदली क्रू वाऱ्याच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पोचवून ठेवला, तर उघडल्यावर चार-पाच तास वाचतात.